हिडन लव्ह (चिनी मालिका) : आवडली आणि खटकलीही. तुमचं काय?

रेवा_क
'हिडन लव्ह'वर इथे वेगळा धागा सापडला नाही म्हणून काढते आहे. कोरियन मालिकांच्या धाग्यावर काही जणांनी ओझरता उल्लेख केला होता, पण तिथे कुठलाही विषय काढा, लोक फिरून सोललाच पोचतात.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात (स्पॉयलर आहेत, पुढे धागाभर असणारच): सांग झी ही शाळकरी मुलगी. तिचा मोठा भाऊ सांग यान कॉलेजात. त्याचा रूममेट दुआन जियाशू घरी येतो आणि ही त्याच्या प्रेमात पडते. तो तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. त्याच्या लेखी ती मित्राची धाकटी बहीण, बस. ती सगळं मनातच ठेवते. पुढे तो आपल्या गावी, यिहेला परत जातो, आणि ही बारावीनंतर त्याच शहरातल्या विद्यापीठात दाखल होते. तिथून खरी गोष्ट. जून २०२३ मध्ये यूकू या चिनी स्ट्रीमिंग मंचावर आली, नेटफ्लिक्सवरही आली. २५ भाग. प्रमुख भूमिकांत झाओ लुसी आणि चेन झेयुआन.

धाग्याचं कारण असं की माझी भाची नववीत आहे. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी ही मालिका अक्षरशः पाठ केली आहे. बहिणीने मला सांगितलं, "तू बघ आणि मला सांग, काळजी करण्यासारखं आहे का." बघितली. शाळेचे भाग मला फार आवडले, मधले ठीक, शेवटचे सात-आठ भाग फोन हातात घेऊन. आणि सगळ्यात जास्त हे डोक्यात राहिलं की जो मुलगा तुम्हाला लहान मूल म्हणून ओळखतो, तोच पुढे तुमचा प्रियकर, हे आपण इतक्या गोडीने का बघतो?

बलस्थानं, कच्चे दुवे, काहीही लिहा.

---

गोट्या_सातारकर
पहिला! बघितली नाहीये. पण घरबसल्या मालिका बघून अहवाल द्यायचा, अशी मावशीची जागा कुठे रिकामी असेल तर कळवा.

---

मृण्मयी_जे
माझी अत्यंत लाडकी मालिका, त्यामुळे मी निःपक्षपाती नाही हे आधीच सांगते.

पहिलं बलस्थान म्हणजे भाऊ. सांग यान बहिणीशी एक वाक्य सरळ बोलत नाही. तिला काही झालं की मात्र सगळ्यात आधी तोच हजर, आणि आल्यावरही आधी दोन टोमणे. मोठा भाऊ असलेल्या कुठल्याही मुलीला हे बघून घरची आठवण येईल. व्हिक्टर मा याने ते काम इतकं सहज केलंय की काही भागांत तो नायकाला खाऊन टाकतो.

दुसरं, शिक्षकांनी पालकांना बोलावलंय तो प्रसंग. घरी सांगायची हिंमत नाही, म्हणून ती दुआन जियाशूला भाऊ बनून शाळेत यायची गळ घालते. विनोदी प्रसंग आहे, पण त्यात त्या वयाचं सगळं आहे. लाज, हिशेबीपणा, आणि आपण फार हुशारीने सगळं जमवलं हा भ्रम.

तिसरं, तिचं यिहेला एकटीने विमानाने जाणं. खोटं कारण सांगून जाते, तो विमानतळावर येतो आणि त्याच्यासोबत एक मुलगी दिसते. ही काही बोलत नाही. आता पुरे, असं स्वतःशी ठरवून टाकते. आक्रस्ताळेपणा नाही, मागे रडकं गाणं ठेवलेलं असलं तरी चेहरा रडका नाही. झाओ लुसीला 'गोड गोड' म्हणून हिणवणाऱ्यांनी हा एक भाग बघावा.

---

खवचट_पेठकर
मृण्मयी, बघितला. तेवीस-चोवीस वर्षांच्या बाईंना शाळेचा गणवेश घालून, कपाळावर झुलपं सोडून चौदा वर्षांची केलंय. शाळेतली इतर पोरं तिच्यामागे उभी राहिली की ती त्यांच्या ताईसारखी दिसते. तुम्ही डोळ्यांतले भाव बघत होतात, मी हनुवटी बघत होतो.

आता नायक. देखणा, हुशार, सभ्य, स्वयंपाक येतो, बापाचं कर्ज फेडतो, आवाज चढवत नाही, दारू पिऊन तमाशा नाही, गेमिंग कंपनीत नोकरी. दोष म्हणून काय, तर तब्येतीची हेळसांड करतो. अहो, लग्नाच्या मुलाखतीत "तुमचा दुर्गुण सांगा" म्हटल्यावर "मी जरा जास्तच काम करतो" म्हणणाऱ्यातला हा. अशा माणसाबद्दल २५ भाग काय सांगणार? एकदा दोघांचं जमलं की त्यानंतर हातात हात, मफलर, जेवण, निरोप, मफलर.

---

चहाबाज
"मफलर, जेवण, निरोप, मफलर" 😂 हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

---

सुनंदा_शांघाय
इथे बरीच वर्षं आहे, नवऱ्याच्या नोकरीमुळे. थोडी पार्श्वभूमी सांगते, म्हणजे काही गोष्टी अशा का आहेत ते कळेल.

इथे शाळकरी वयातल्या प्रेमाकडे शाळा आणि आईवडील शिस्तीचा प्रश्न म्हणूनच बघतात. शिक्षकांना नुसती शंका आली तरी पालकांना बोलावणं जातं. जूनमधली गाओकाओ, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा, होईपर्यंत मुलांनी अभ्यासाशिवाय कशातही लक्ष घालू नये ही अपेक्षा. पडद्यावरही शाळकरी प्रेम खुलेपणाने दाखवणं निर्मात्यांना जपूनच करावं लागतं. म्हणून अशा मालिकांत एक ठरलेली युक्ती असते. शाळेत फक्त एकतर्फी आणि न बोललेलं, जे काय व्हायचं ते विद्यापीठात गेल्यावर. 'हिडन लव्ह'ची रचना हुबेहूब तीच आहे. दुआन जियाशूच्या मनात काहीही येतं ते ती सज्ञान होऊन यिहेला आल्यावर. लेखकाची संवेदनशीलता असेलही, पण चौकटही आहे.

दुसरं, इथे मालिका आधी पूर्ण चित्रित होते, संकलित होते, मग मंजुरी, मग प्रसारण. आणि २०२० मध्ये इथल्या नियामकाने मालिका ४० भागांच्या आत ठेवा, शक्यतो ३० च्या आत, असं फर्मान काढलं होतं, कारण लोक ७०-८० भाग ताणत होते. ही मर्यादा २०२५ मध्ये सैल केली म्हणे. तर २५ भाग हा त्यातल्या त्यात आटोपशीर प्रकार. तरी पेठकरांना मफलर जास्त झाले!

---

विद्याधर_नाशिक
सुनंदाताई, "आधी पूर्ण चित्रित होते, मग प्रसारण" हे वाक्य फ्रेम करून आपल्या मराठी वाहिन्यांच्या कार्यालयांत लावायला हवं. आमच्याकडे आज चित्रित केलेलं परवा दिसतं. टीआरपी आला की नायिकेची सासू वारायची ती कोमात जाते, टीआरपी पडला की कोमातून उठते. आमच्या घरी रात्री साडेआठला जी मालिका चालू असते तिच्यातली मंगळागौर गणपती उठले तरी संपली नव्हती.

या चिनी मालिकेत मला आवडलेली गोष्ट हीच. आई चांगली, बाप चांगला, भाऊ चांगला. जेवताना कोणी कोणाच्या ताटात विष कालवत नाही. सत्तरीत रक्तदाबाला बरं पडतं.

---

खवचट_पेठकर
काका, पण विषाशिवायही संघर्ष असू शकतो की! उत्तरार्धात तोच नाही, हा माझा मुद्दा.

---

डॉ_अनुजा
रेवाचा मूळ प्रश्न बाजूला पडतोय, म्हणून लिहिते. मी किशोरवयीन मुलांसोबत समुपदेशनाचं काम करते.

वयातलं अंतर पाच वर्षं, हा माझ्या दृष्टीने मुख्य प्रश्न नाही. तेवीस आणि अठ्ठावीस असते तर कोणी वळूनही बघितलं नसतं. प्रश्न हा की त्याने तिला चौदाव्या वर्षी पाहिलंय, भावासारखी काळजी घेतलीय, आणि नातं बदलल्यावरही तो तिच्याशी त्याच 'लहान मुली'च्या सुरात बोलतो. मालिका त्या सुराला गोड मानते. तिचं पोट दुखलं, तिला उशीर झाला, तिने दारू प्यायली, दर वेळी तो सांभाळणारा आणि ती सांभाळली जाणारी.

मात्र न्याय म्हणून हेही सांगायला हवं. तिच्या शालेय वयात तो कधीही मर्यादा ओलांडत नाही. तिच्या भावनांचा त्याला पत्ताही नसतो. नंतरही पुढाकार घेताना तो तिला नाही म्हणायला जागा ठेवतो, घाई करत नाही. गैरफायदा घेण्यासाठी लहानपणापासून जाळं विणणं वेगळं आणि हे वेगळं. नववीतल्या मुलीशी बोलताना मी मालिकेवर बंदी न घालता नेमका हाच फरक तिच्याकडून काढून घेईन.

---

मृण्मयी_जे
डॉ. अनुजा, सांभाळणं एकतर्फी आहे हे मान्य नाही. त्याच्या पोटाचं ऑपरेशन होतं तेव्हा दवाखान्यात त्याच्यापाशी कोण बसतं? त्याला विचारणारं घरचं कोणी उरलेलंच नाही, हे तिला त्या वेळी पहिल्यांदा कळतं. माझ्या मते तिचं लहानपणचं आकर्षण संपून खरं प्रेम तिथे सुरू होतं. तोवर तिला तो फक्त देखणा वाटत होता.

---

डॉ_अनुजा
तो प्रसंग चांगला आहे, मान्य. असे आणखी चार हवे होते.

---

बाळासाहेब_अ
एवढं काय त्यात? आमच्या आईवडिलांत बारा वर्षांचं अंतर होतं. सुखाने संसार केला.

---

रेवा_क
बाळासाहेब, आईंना विचारलं होतं का कोणी?

---

बाळासाहेब_अ
बरं बरं. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

---

कोळीवाडा_एक्सप्रेस
सगळे प्रेमावर बोलताय, कोणी त्याच्या बापाच्या भागावर बोललंच नाही. मला मालिकेत तेवढाच भाग धरून ठेवणारा वाटला.

दुआन जियाशूच्या बापाने दारू पिऊन गाडी चालवली, एक माणूस मेला. बापाने नंतर इमारतीवरून उडी मारली, तरी जगला, पण शुद्ध हरपून अंथरुणात पडून. आई वारली. मुलगा शिकता शिकता मिळेल ते काम करतो, भरपाई आणि दवाखान्याचं देणं फेडत राहतो. आणि मेलेल्या माणसाची मुलगी, जियांग यिंग, त्याला जगू देत नाही. तिच्या हिशेबात तो बापाच्या जागी आहे.

माझ्या घरी एवढं भयंकर नव्हतं. वडील एका ओळखीच्या माणसाला एका पतसंस्थेत जामीन राहिले, माणूस गायब झाला, आणि दादाने आपल्या पहिल्या बोटीचे पैसे त्यात घातले. त्याचं लग्न चार वर्षं लांबलं. दादा घरात कोणाला एक शब्द बोलला नाही, पण मुलगी बघायला जायचं म्हटलं की तब्येत बिघडायची. दुआन जियाशू सांग झीच्या घरी जाताना जसा बसतो ना, पाठ ताठ, हात गुडघ्यावर, विचारतील तेवढंच उत्तर, तो दादा आहे.

म्हणून पेठकर, तो निर्दोष आहे हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. तो घाबरलेला आहे. सगळ्यांशी इतका चांगला वागतो कारण कोणालाही आपलं काही देणं राहू नये ही त्याची धडपड आहे. फक्त मालिकेने हे पुरेसं खणलं नाही, हे तुमचं बरोबर.

---

खवचट_पेठकर
कोळीवाडा, हा प्रतिसाद मालिकेपेक्षा भारी आहे. आणि यामुळे माझी तक्रार उलट पक्की झाली. हातात एवढा ऐवज असताना त्यांनी जियांग यिंगला केवळ डोकं फिरलेली बाई करून टाकलं. तिचा बाप मेलाय! तिच्या बाजूने एक भाग लिहिला असता तर काय बिघडलं असतं? ती आली की संगीत बदलतं, कॅमेरा हलतो, आपण तिचा राग करायचा. सांग झी तिच्यासमोर उभी राहून त्याची बाजू घेते तो प्रसंग म्हणून चांगला. पण समोरचीला बोलायला काही ठेवलेलंच नाही.

---

कोळीवाडा_एक्सप्रेस
अगदी. ती बाईसुद्धा कोणीतरी भरपाई देईल म्हणून त्याच अपघाताच्या दिवसात अडकलेली आहे. दोघं एकाच खड्ड्यात.

---

सानिका_टोरांटो
+१. आणि सांग झीचे आईवडील! मुलाची पार्श्वभूमी कळल्यावर ते काळजीत पडतात, नाराज होतात, पण खलनायक होत नाहीत. आपल्याकडे हाच प्रसंग असता तर आईने देवघरासमोर अन्नत्याग केला असता. त्यांची भीती खरी आहे, आपल्या मुलीने आयुष्यभर दुसऱ्याच्या बापाची शिक्षा का भोगायची. माझ्या लग्नाच्या वेळी बाबांनी जवळपास हेच विचारलं होतं, कारण वेगळं होतं.

तक्रार एकच. ते लवकर विरघळतात. अजून दोन भाग अडून बसले असते तर मला आवडलं असतं.

---

गोट्या_सातारकर
बायकोने काल लावली. तीन भाग झाले. मला एक शंका आहे, चीनमध्ये एकच मूल असायचा कायदा होता ना? मग हे बहीणभाऊ कुठून आले?

---

सुनंदा_शांघाय
चांगला प्रश्न. ते धोरण २०१५ अखेरपर्यंत होतं, २०१६ मध्ये दोन मुलांना परवानगी मिळाली. पण आधीही सरसकट एकच असं नव्हतं. ग्रामीण भागात पहिली मुलगी असेल तर अनेक ठिकाणी दुसऱ्याची मुभा होती, अल्पसंख्याक समाजांना सवलती होत्या, आणि शहरांतले लोक दंड भरूनही दुसरं मूल ठेवत. दंड उत्पन्नाच्या हिशेबाने लागायचा, छोटा नसायचा. मालिका यावर अवाक्षर काढत नाही. पण भावाबहिणीच्या भांडणांवर इथले तरुण प्रेक्षक इतके का भाळले, त्याचं एक कारण मला हे वाटतं की त्यांच्यातल्या कितीतरी जणांना भांडायला घरात कोणी नव्हतंच.

---

गोट्या_सातारकर
बाप रे. मी विनोद म्हणून विचारलं होतं.

---

शब्दांगी
तांत्रिक बाजूबद्दल दोन ओळी. चिनी मालिकांत कलाकारांचे आवाज पुष्कळदा नंतर डबिंग कलाकार देतात. सेटवरचा गोंगाट, बोलीतले फरक, कलाकारांच्या तारखा, कारणं बरीच. सवय नसेल तर ओठ आणि आवाज यांत किंचित अंतर जाणवतं आणि सगळे एकाच खोलीत बसून बोलताहेत असं वाटतं. या मालिकेत मला ते खुपलं नाही.

खुपला तो प्रकाश. प्रत्येक फ्रेम दुधात बुडवून काढल्यासारखी. दवाखाना, हॉस्टेल, रस्ता, सगळीकडे तीच सायंकाळ, सगळ्यांची त्वचा काचेसारखी. कर्जात बुडालेल्या मुलाची भाड्याची खोली एखाद्या जाहिरातीतली दिसते. कोळीवाडा म्हणतात तो घाबरलेला माणूस दिसायला हवा असेल तर त्याच्या घरात थोडी ओल, थोडा पसारा हवा होता.

---

चहाबाज
ओल दाखवली असती तर नववीतल्या पोरींनी बघितली असती का?

---

शब्दांगी
नसती बघितली. तेही खरंच.

---

प्राजक्ता०४
मी इथे वयाने सगळ्यात लहान असेन बहुतेक, वीस. मला वाटतं तुम्ही लोक एक गोष्ट विसरताय. सांग झी ही नेहमीची भोळी, धडपडणारी, पडून नायकाच्या मिठीत जाणारी मुलगी नाही. ती चित्रं काढते, डिजिटल मीडिया शिकते, तोंडाने फटकळ आहे, आणि मुख्य म्हणजे आपलं प्रेम त्याच्यावर लादत नाही. दुसरं कोणी आहे वाटल्यावर बाजूला होते. "नकाराचा आदर करा" असं मुलांना शिकवायचं हे सगळे सांगतात. मुलींनीही मागे हटायचं असतं हे मी इथे पहिल्यांदा बघितलं.

कच्चा दुवा विचाराल तर तिचं काम. कॉलेजात आल्यावर तिच्या अभ्यासाला, इंटर्नशिपला दहा-पंधरा मिनिटं येतात, पुन्हा आपलं तो भेटला, तो आला, तो वाट बघत होता. चित्रकलेचं पुढे काय झालं ते मला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

---

मृण्मयी_जे
प्राजक्ता, हे मला सुचलंच नव्हतं. एकदम पटलं.

---

खवचट_पेठकर
मलाही. इथे नोंद व्हावी की पेठकर एका दिवसात दोन लोकांशी सहमत झाले.

---

विद्याधर_नाशिक
स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

---

सानिका_टोरांटो
सांग यानच्या चाहत्यांना सांगायचं राहिलं, त्याची स्वतःची गोष्ट 'द फर्स्ट फ्रॉस्ट' नावाने फेब्रुवारी २०२५ मध्ये आली. ३२ भाग, नेटफ्लिक्सवर आहे. पण कलाकार बदललाय, तिथे बाई जिंगटिंग आहे आणि सोबत झांग रुओनान. सूर बराच गंभीर. नायिकेच्या आयुष्यात लहानपणी घरातच झालेला त्रास आहे, आईने बाजू न घेतल्याची जखम आहे. 'हिडन लव्ह' जे टाळते त्याला ही थेट हात घालते. जमतं का, यावर माझं आणि बहिणीचं एकमत नाही.

---

मृण्मयी_जे
मी दोन भाग बघून सोडली. माझा सांग यान बदलला, मी नाही बघणार. 😤

---

डॉ_अनुजा
रेवा, भाचीशी बोललीस का? उत्सुकता आहे.

---

रेवा_क
हो, रविवारी. तुम्ही लिहिलेलं वाचूनच गेले होते, तरी सुरुवात चुकीच्या टोकाने होऊ नये म्हणून आधी नुसतं विचारलं, तुला कोण आवडतं. मला वाटलं दुआन जियाशू म्हणेल. म्हणाली, भाऊ. तिच्या सगळ्या गटाला भाऊच आवडतो, कारण यांच्यापैकी निम्म्या एकुलत्या एक आहेत. (सुनंदाताई, तुमचा मुद्दा इथेही लागू!)

मग विचारलं, तुझ्या ओळखीतला एखादा एकोणीस-वीसचा मुलगा तुमच्या गटाशी असं बोलायला लागला तर? तर म्हणे, "मावशी, तो तिला मेसेज करत नाही. तीच करते. जो स्वतःहून करतो तो वेगळा असतो, आम्हाला कळतं." मग तिने त्यांच्या क्लासबाहेर उभ्या राहणाऱ्या एका मुलाबद्दल सांगितलं, जो सगळ्यांना 'बच्चा' म्हणतो. ते बहिणीला माहीत नव्हतं. आता माहीत आहे, आणि क्लासच्या सरांनाही.

मालिका बघू द्यायची असं ठरलं आहे. सहामाही परीक्षेनंतर. त्यावरून घरात जो तमाशा झाला तो चिनी नव्हता, अस्सल आपला होता.

---

डॉ_अनुजा
हुशार मुलगी. आणि सरांना सांगितलंत हे फार बरं केलंत. त्याचं पुढे काय झालं तेही कळवा.

---

गोट्या_सातारकर
आम्ही नवव्या भागावर आहोत. बायको म्हणते धागा वाचू नकोस, शेवट कळेल. मी वाचला. आता मफलर आला की मी हसतो आणि ती विचारते का हसलास.

---

सानिका_टोरांटो
'द फर्स्ट फ्रॉस्ट'साठी वेगळा धागा काढू का? इथे मृण्मयी चिडेल.

---

मृण्मयी_जे
काढ. येऊन भांडते.